चौलचे मणी आणि आफ्रिकेची नक्षी

गेल्या चैत्रात आमच्या कोपरखैरण्याच्या युनियन-कचेरीत एक बाई आल्या. त्यांचे यजमान ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात होते, आमचे जुने सभासद. कारखान्याला टाळे लागले तेव्हापासून ते मिळेल ते काम करतात, आणि संसाराला हातभार म्हणून ह्या वहिनी घरी बसून मण्यांच्या माळा विणतात. त्यांनी पिशवीतून एक माळ काढून आमच्या टेबलावर ठेवली. काळ्या, पिवळ्या, हिरव्या व तांबड्या बारीक मण्यांची. करंगळीपेक्षा बारीक, आणि हातात घेतली तर सापासारखी लवणारी.

“भाऊ, शेठ म्हणतो नक्षी चुकली. अर्धे पैसे कापले. तुम्हीच सांगा, कुठं चुकली?”

आम्ही चष्मा पुसून माळ दोनदा फिरवून पाहिली. आम्हांस काही चूक दिसेना. अखेर त्यांनीच नखाने दाखविली. एका ठिकाणी पिवळ्याच्या जागी एक हिरवा मणी पडला होता. हजारावर मण्यांत एक! त्यांच्यापाशी शेठने दिलेला नक्षीचा कागद होता. चौकटी आखून त्यांत रंग भरलेले, आणि वर इंग्रजीत ‘आफ्रिकन’ एवढेच लिहिलेले. जाता जाता त्यांनी विचारले, “ही नक्षी तिकडच्या कापडावरची म्हणतात. तिकडच्या बायकाही अशाच ओवत बसतात का हो?”

पैशांच्या तक्रारीचे काय करावयाचे ते आम्हांस ठाऊक होते. तो आमचा धंदाच आहे. ह्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधण्यात वर्ष गेले, आणि यंदा ह्या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावयास सांगितले तेव्हा आम्ही हाच विषय घेतला. आम्ही काही पदवी घेतलेले इतिहासकार नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. वडील गिरणगावात साळखात्यात सांचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यानंतर त्यांना पुन्हा गिरणीत पाय ठेवावयास मिळाला नाही. पुढे खाडी ओलांडून आम्ही इकडे आलो, हेल्परची नोकरी धरली, आणि जे काही वाचले ते रात्रपाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम ही माळ होते कशी ते पाहू. कारण ते समजल्यावाचून पुढचे कळावयाचे नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका क्रोशाच्या सुईने रुमाल, तोरणे, टेबलावरची आच्छादने विणीत. सुई तीच, हातही तोच. फरक असा की येथे विणण्यापूर्वीच सारे मणी एका लांब दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात. मग सहा टाक्यांचे लहानसे कडे करावयाचे, दर टाक्याला एक मणी खाली सरकवावयाचा, आणि त्या कड्यावर फेऱ्यामागून फेरा चढवीत जावयाचे. हे फेरे वेगवेगळे नसतात; जिन्यासारखे एकातून एक वर चढत जातात. विणताना नक्षीचा विचार करावयास वावच नसतो. दोऱ्यात पुढचा जो मणी आहे तोच बसणार. नक्षी ठरते ती ओवताना, आणि तीही उलट्या क्रमाने, कारण जो मणी शेवटी ओवला तो पहिल्याने विणला जातो. सहाच्या फेऱ्यावर सहा मण्यांची आवृत्ती धरली तर पट्टा एका बाजूला कलतो. सातांची धरली तर दुसऱ्या बाजूला. एका मण्याने सारा कल पालटतो! वहिनींना हे गणित तोंडपाठ आहे. शाळेत गणितात नापास झाल्याचे त्या हसत हसत सांगतात.

ओवताना एखादा मणी जास्तीचा पडला तर पक्कडीत धरून तो फोडता येतो. कमी पडला, किंवा रंग चुकला, तर दोरा तोडल्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या वडिलांच्या गिरणीत जॅकार्डच्या सांच्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असे. कोणता ताणा उचलावयाचा हे ती भोके ठरवीत, विणकर नव्हे. वहिनींचा ओवलेला दोरा म्हणजे तीच पुठ्ठ्यांची माळ होय. भेद एवढाच की गिरणीत पुठ्ठे पाडणाऱ्याला वेगळा पगार होता.

आता त्या नक्षीकडे वळू. पिवळा, हिरवा, तांबडा व काळा ह्या रंगांचे आडवे-उभे ठोकळे पाहून ओळख पटावयास वेळ लागला नाही. हे केन्टे. पश्चिम आफ्रिकेत आज ज्याला घाना म्हणतात तेथील अशांती व एवे लोकांचे हे वस्त्र. हे सबंध पन्ह्याचे विणीत नाहीत. वीतभरही रुंद नसलेल्या अरुंद पट्ट्या विणावयाच्या, आणि मग त्या कडेला कड लावून शिवावयाच्या. एका पट्टीत ताण्याचे उभे पट्टे उघडे राहतात, तर लगेच पुढे बाण्याचे घट्ट ठोकळे येतात. शेजारच्या पट्टीत नेमके उलटे, आणि शिवल्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे रूप उभे राहते. कुमासी शहराजवळ बोन्वीर म्हणून गाव आहे, तेथील विणकर प्रसिद्ध आहेत. दोघा शिकाऱ्यांनी कोळ्याचे जाळे पाहून ही विद्या उचलली अशी तेथे आख्यायिका आहे. विणणारे परंपरेने पुरुषच. नक्षी-नक्षीला नाव असते आणि त्या नावामागे एखादी म्हण किंवा एखाद्या राजाची हकिगत. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे नेते एन्क्रुमा हे वस्त्र खांद्यावरून पांघरून जगापुढे आले. २०२४ साली युनेस्कोने ह्या विणकामाची आपल्या वारशाच्या यादीत नोंद केली.

वहिनींकडे आणखी दोन कागद होते. एकावर काळ्यावर पांढरट नागमोडी रेघा. ते माली देशातील बामाना लोकांचे चिखलाचे कापड. तेथे पुरुष पट्ट्या विणतात, आणि रंगवितात स्त्रिया: झाडपाल्याच्या काढ्यात कापड बुडवून त्यावर महिनोन्‌महिने मुरविलेला नदीचा चिखल लावतात. नक्षी रंगवीत नाहीत, तिच्याभोवतीची जागा काळी करतात, म्हणजे नक्षी आपोआप उजळ राहते. दुसऱ्या कागदावर तपकिरी शंकरपाळे होते, ते काँगोतील कुबा लोकांचे. ताडाच्या जातीच्या पानांतून काढलेल्या तंतूंचे कापड पुरुष विणतात, त्यावर मखमलीसारखे उठावाचे काम बायका करतात. एका खंडात किती ही तऱ्हा! आणि कागदावर शब्द एकच. उद्या कोणी पैठणीचा पदर उचलून त्यावर ‘आशियाई’ अशी चिठ्ठी लावली तर येवल्याचा विणकर काय म्हणेल?

तेव्हा वहिनींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर: नाही. केन्टे हे सुताचे व रेशमाचे काम, मण्यांचे नव्हे. मण्यांत ते कोणीतरी अलीकडे उतरविले. उत्तर येथे संपले असते. पण वाचता वाचता आमच्या हाती एक जुनी हकिगत लागली, आणि तिने आम्हांस पाठीमागे पाचशे वर्षे नेले.

दुआर्ते बार्बोसा नावाचा एक पोर्तुगीज १५१६ च्या सुमारास हिंदी महासागराच्या काठच्या बंदरांचे वर्णन लिहून गेला. आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावरील सोफाळा बंदराविषयी तो सांगतो की तेथील लोक कापूस पिकवितात व पांढरे कापड विणतात. परंतु रंगविण्याची सोय त्यांच्यापाशी नाही. म्हणून ते खंबायतेहून आलेले निळे व रंगीत कापड घेतात, ते उसवतात, त्याचे सूत काढतात, आणि आपल्या पांढऱ्या सुताबरोबर ते पुन्हा विणून रंगीत वस्त्र तयार करतात. आपल्या देशात कोणीतरी ताणा लावून, बाणा मारून, नीळ देऊन जे कापड केले ते तेथे गेल्यावर तागा न तागा उसवले जाई! पुढे दोनशे वर्षांनी अशांती राजा ओपोकू वारे ह्याच्या कारकिर्दीत तेथील विणकर युरोपातून आलेले रेशमी कापड असेच उसवीत आणि ते सूत आपल्या पट्ट्यांत घालीत, असे डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. ज्या केन्टेला आज आपण आफ्रिकेचे म्हणून ओळखतो त्याचे झळकते रंग असे परक्या कापडातून आलेले आहेत. म्हणून ते उसने ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. सूत कोठलेही असो, नक्षी ज्याच्या डोक्यातून आली त्याची.

कापडाबरोबर मणीही जात. आणि येथे गोष्ट आपल्या दाराशी येते.

अलिबागच्या दक्षिणेस, रेवदंड्याच्या खाडीकाठी, चौल आहे. आज तेथे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पडक्या तटबंद्या एवढेच दिसते. सहलीला गेलेले लोक शहाळे पिऊन परततात. पण पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या टिपणांत चौल, सोपारा व कल्याण ही तिन्ही बंदरे नावानिशी आली आहेत. त्याच टिपणांत आपल्या पश्चिम किनाऱ्याकडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड व साखर जात असल्याचे लिहिले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दात्यांमध्ये सोपाऱ्याचा एक मणिकार आहे. ऐरोलीच्या पुलावरून पश्चिमेकडे जे डोंगर दिसतात त्यांतच ही लेणी. म्हणजे आमच्या वहिनींच्या घरापासून काही कोसांवर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, एक मणी करणारा इतका मातबर होता की त्याने धर्मदाय दिला आणि आपला धंदा दगडावर कोरून ठेवला. पुढे इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलास आला. तो पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही जाऊन आला होता. तेथील हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात येतो आणि त्याच्या कट्यारींच्या मुठी व बुद्धिबळाच्या सोंगट्या होतात, असे त्याने नमूद केले आहे.

हस्तिदंत इकडे आला त्याच्या बदल्यात तिकडे काय गेले? बव्हंशी कापड आणि मणी. चौलचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे यांनी केले. तेथे सापडलेले काचमणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरील जुन्या गावांत सापडलेले काचमणी यांची रासायनिक तपासणी होऊन तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. दोन्हीकडील कित्येक मण्यांची काच एकाच जातीची, एकाच घडणीची निघाली. खनिज सोडा व वाळू यांपासून केलेली ही काच हिंदुस्थानी. दक्षिण आफ्रिकेतल्या आतल्या मुलखापर्यंत तिचे मणी गेलेले आहेत. मणी चौलातच ओढले गेले की आणखी कोठून चौलास येऊन गलबतांत चढले, हा प्रश्न वेगळा. चौल त्या वाटेवर होते एवढे खास. हे मणी करण्याची रीत अशी की तापलेल्या काचेच्या गोळ्यातून पोकळ नळी ओढावयाची, तिचे बारीक तुकडे करावयाचे, आणि पुन्हा भाजून त्यांच्या कडा गोल करावयाच्या. आंध्रातील पापानायडूपेट येथे ही विद्या आमच्या काळापर्यंत टिकली.

आणि येथेही उसविण्याची तीच कथा! लिंपोपो नदीच्या खोऱ्यात मापुंगुब्वे नावाची एक टेकडी आहे. अकराव्या ते तेराव्या शतकात तेथे मोठे राज्य होते. त्या टेकडीच्या शेजारच्या वस्तीत कारागीर समुद्रापलीकडून आलेले बारीक निळसर-हिरवे मणी गोळा करीत, ते वितळवीत आणि मातीच्या साच्यात ओतून बोटाच्या पेराएवढा एक मोठा मणी करीत. ह्या मोठ्या मण्याचे आकारमान त्यांचे, मान त्यांचा. आमचा अनुभव असा की ज्याला आपण गिऱ्हाईक समजतो तो पुष्कळदा कारागीर असतो.

परंतु हा व्यापार गोड करून सांगणे आम्हांस जमणार नाही. कापड आणि मणी यांच्या बदल्यात सोने आले, हस्तिदंत आला, आणि माणसे आली. गळ्यात घालावयाच्या मण्यांनी माणसाचे मोल ठरले. आपल्याच रायगड जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात जंजिरा उभा आहे. त्यावर १९४८ पर्यंत सिद्द्यांची सत्ता होती. शाळेच्या पुस्तकात आम्ही सिद्दी वाचला तो शिवछत्रपतींचा शत्रू म्हणून. हे लोक मूळचे कोठले, कोणी आणले, कशाच्या मोबदल्यात आणले, हे कोणी शिकविले नाही. मलिक अंबर हा हबसाणात जन्मला, लहानपणी विकला गेला, एकाहून अधिक धन्यांच्या हाताखालून दख्खनेत आला, आणि निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. १६१० साली त्याने वसविलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. अशा एका नावामागे किती बेनाव माणसे असतील! त्यांतील कोणाच्या किमतीत चौलहून गेलेली मण्यांची एखादी सर नसेलच, असे कोणी सांगावे?

एकोणिसाव्या शतकात ह्या बाजाराने फार मोठे रूप घेतले. व्हेनिस आणि बोहेमिया येथील कारखाने आफ्रिकेसाठी ढिगांनी मणी करू लागले. नमुन्यांच्या पुठ्ठ्यांवर रंगरंगाचे मणी शिवून त्यांचे दलाल हिंडत. १८७१ साली स्टॅन्ले हा लिव्हिंगस्टनच्या शोधार्थ निघाला, तेव्हा झांजिबारात मण्यांची खरेदी करताना तो रडकुंडीस आला होता. कारण एका मुलखात तांबडा मणी चाले, दुसऱ्यात पांढरा, तिसऱ्यात काळा. आणि न चालणारा रंग नेला तर शेकडो मैल हमालांच्या डोक्यावरून वाहिलेले ओझे मातीमोल. गोऱ्यांच्या पुस्तकांतून आफ्रिकेचा माणूस काचेच्या तुकड्यांवर भुलणारा असा रंगविला आहे. स्टॅन्लेचा हिशेब मात्र काही निराळेच सांगतो. जो गिऱ्हाईक रंग पाहून माल परत करतो तो भुललेला नसतो.

त्याच काळात झांजिबारच्या बाजारात ‘मेरिकानी’ म्हणून कोरे जाडेभरडे कापड खपे. नावाप्रमाणे ते अमेरिकेहून येई. तेथील यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ मध्ये, तो पुरवठा तुटला. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी त्याच धर्तीचे कापड विणून त्या बाजारात पाय रोवला. चौलचे काही विणकर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या मुंबईत येऊन राहिले होते, आणि दोनशे वर्षांनी त्याच मुंबईतून पुन्हा आफ्रिकेकडे कापड निघाले. आमचे आजोबा ज्या गिरणीत बदली कामगार होते तेथील गाठी कोठे जात हे त्यांना कोणी सांगितले नसेल. पूर्व आफ्रिकेतील बायका कांगा नावाचे जे छापील वस्त्र नेसतात, काठावर चौकट आणि मध्ये एक म्हण, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. हिंदुस्थानात छापलेली कांगा तिकडे आजही विकली जातात.

मण्यांची वाट एकदा उलटीही फिरली आहे. काठेवाडचे व्यापारी झांजिबारकडे राहू लागले, तेव्हा आफ्रिकेसाठी आलेले व्हेनिसचे मणी त्यांच्या गलबतांतून घरी आले, आणि सौराष्ट्रातील बायकांनी त्यांचे तोरण, चाकळे, इंढोण्या केल्या. तेच मोतीभरत. ते काम एकदा बारकाईने पाहा: पांढऱ्या मण्यांच्या शेतात हत्ती, घोडा, मोर. इटलीची काच, आफ्रिकेचा बाजार, हात काठेवाडणीचा. आपल्याकडे बारीक काचमण्याला पोत म्हणतात, आणि काळ्या पोतीवाचून मंगळसूत्र होत नाही. आमच्या आईच्या गळ्यात सोने नव्हतेच. दोन वाट्या तेवढ्या पिवळ्या धातूच्या होत्या, पण पोत मात्र कधी तुटू दिली नाही. तुटली तर ‘तुटली’ म्हणावयाचे नाही, ‘वाढवली’ म्हणावयाचे. काचेच्या मण्याला एवढा मान असणारे आपणच नव्हे काय?

हे सारे आम्ही वहिनींना सांगितले. आमच्या कचेरीत त्या दिवशी आणखी चार-पाच बाया आल्या होत्या. सगळ्या घरी बसून हेच काम करणाऱ्या. सोफाळ्याच्या विणकरांची गोष्ट त्यांना फार आवडली. एक म्हणाली, “म्हणजे आपण विणलेलं ते उसवायचे, आता त्यांचं आपण ओवतो.” वहिनी मात्र गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, “त्या गोष्टीत उसवायला किती दिवस लागायचे, ते लिहिलंय का?”

नाही. ते कोणीच लिहिलेले नाही. बार्बोसाने कापड पाहिले, विणकर पाहिला. बोटांनी एकेक धागा सोडवीत बसलेले माणूस त्याच्या वहीत नाही. आम्ही इतकी पुस्तके चाळली, पण आमच्या ध्यानात ही गोष्ट आली नव्हती, आणि ती आमच्या धंद्याची असूनही आली नव्हती, ह्याची आम्हांस लाज वाटली. विणकराचा इतिहास लिहिला जातो. ताण्याची तयारी करणाऱ्याचा, कांड्या भरणाऱ्याचा, मणी ओवणाऱ्याचा लिहिला जात नाही. हातमागाच्या घरात पुरुष मागावर बसतो तो विणकर. बायको-मुली सूत उकलून कांड्या भरतात त्या ‘घरच्या’. मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात सुमारे पाच कामगारांमागे एक स्त्री होती. त्यांतील बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, नायकिणीच्या हाताखाली, नगावर पगार घेणाऱ्या. नवी यंत्रे आली तशी ती खाती आटली आणि बायका गिरणीबाहेर गेल्या. आम्ही कामगार-चळवळवाल्यांनी त्या वेळी फारसे काही केले नाही. आमचे लढे सांच्यावरच्या पुरुषांचे होते. हे कबूल केलेले बरे.

आम्ही घड्याळ लावून बसलो. वहिनींनी एक माळ आमच्यासमोर पहिल्यापासून केली. ओवणीस पावणेतीन तास लागले, विणण्यास सात. शेठचा दर होता तो ‘विणाईचा’, माळेमागे. ओवणी त्याच्या हिशेबात नव्हतीच. आणि पैसे कापले होते ते ओवणीतील चुकीबद्दल! ज्या कामाची मजुरी नाही त्या कामाचा दंड मात्र आहे. हे आम्ही बायांना म्हटले तेव्हा त्या आधी हसल्या, मग हसावयाच्या थांबल्या.

कायद्याचे म्हणाल तर तो ह्या बायांपर्यंत फार मंद गतीने आला आहे. अहमदाबादेस इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संघटना उभारली, तेव्हा घरी बसून विड्या वळणारीला, कपडे शिवणारीला कामगार म्हणावे की नाही ह्यावरच वाद होता. १९९६ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घरकामाच्या मजुरीचा करार, क्रमांक १७७, संमत केला. भारताने त्यावर अद्याप शिक्कामोर्तब केलेले नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या आली आहे. व्याख्या आली हे चांगलेच. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी तरी १९६९ च्या कायद्यापूर्वी कोणाच्या हिशेबात होते? अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केले तेव्हा ‘हमालांची कसली युनियन’ असे म्हणणारे पुष्कळ होते. पण माथाडी सारे एका बाजारात भेटतात. ह्या बाया घणसोलीत एक, नेरूळात दोन, ऐरोलीत तीन अशा आपापल्या खोल्यांत बसतात, आणि एकीचा दर दुसरीला ठाऊक नसतो. शेठचे खरे बळ तेथे आहे.

शेठची भेट घेतली. माणूस वाईट नव्हता. निदान चहा विचारण्याइतका चांगला होता. मणी कोठून येतात, परदेशचा ग्राहक कसा एकेक मणी मोजून पाहतो, माल परत आला की त्याचे किती नुकसान होते, हे त्याने तपशीलवार सांगितले, आणि ते खोटे नसावे. ओवणीचे नाव काढताच म्हणाला, “अहो, ती तर बसल्या बसल्या होते, टीव्ही बघता बघता.” वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, टेबलावर दोरा, सुई आणि मण्यांची वाटी ठेवली, आणि म्हणाल्या, “शेठ, एक फूट ओवा. मी टीव्ही लावते.”

शेठने ओवले नाही. परंतु ओवणीला वेगळा दर द्यावयास तो तयार झाला, आणि पुढच्या मालापासून तो लागू आहे. दर आमच्या मागणीच्या निम्माच आहे. कापलेल्या पैशांचे मात्र त्याने मान्य केलेले नाही, आणि कागदावर ‘आफ्रिकन’ ऐवजी ज्या लोकांची नक्षी त्यांचे नाव लिहावे ही आमची सूचना तर त्याला चेष्टाच वाटली. पिवळ्याच्या जागी हिरवा मणी पडलेली ती माळ पुरावा म्हणून आमच्या कचेरीच्या कपाटात आहे, लखोट्यात घालून, वर तारीख टाकून. पुढील बैठक अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी ठरली आहे. त्या दिवशी इतर बायांनाही बरोबर आणावे असे आम्ही वहिनींना सांगितले आहे, आणि आतापर्यंत अकराजणींनी येण्याचे कबूल केले आहे.